मागच्या दाराची मावशी

आमच्या लेकीला मी शिकवलेला पहिला कामाचा शब्द ‘गरम’. चहाचा कप समोर धरला, तिचं बोट हळूच कपाला टेकवलं आणि म्हटलं, “गरम!” तिने बोट मागे घेतलं, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, “गलम.” मला वाटलं, शब्द बसला. आई म्हणून माझी कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या दाढीच्या ब्लेडकडे बोट करून म्हणाली, “गलम.” मग कात्री गलम झाली, टीव्हीचं बटण गलम झालं, देव्हाऱ्यातली घंटा गलम झाली. एकदा मी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढून ओट्यावर ठेवला, तर ही टाचा उंचावून त्याला हात लावते आणि मोठ्या समाधानाने मला सांगते, “गलम!” मी हसून हसून बेजार. भांडी विसळताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या सगळ्या वस्तूंपाशी आम्ही तिचा हात धरून मागे ओढला होता. तिच्या लेखी गरम म्हणजे ज्याला हात लावला की आई ओरडते ते. त्या हिशेबाने बर्फ चांगलाच गरम होता.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. धरणांचे, कालव्यांचे मूळ नकाशे खाली ठेवायचे, वर ट्रेसिंगचं कापड अंथरायचं आणि रेघेवर रेघ उतरवायची. खालची रेघ एकीकडे आणि वरची दुसरीकडे गेली तर साहेब कापड परत करायचे. शब्दांचंही तसंच असणार, असं मी धरून चालले होते. वस्तू दाखवायची, शब्द सांगायचा, एकावर एक नीट बसवायचे. म्हणून नाशिकच्या मेनरोडवरून रंगीत चित्रांचा तक्ता आणला आणि भिंतीला लावला. रोज संध्याकाळी कमळावर बोट ठेवून विचारायचे, “हे काय?” ती म्हणायची, “कागद.” हत्तीवर बोट ठेवलं तरी कागद. मी चिडायचे. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, “बरोबरच आहे की तिचं.” मी म्हणायचे, “अहो, तुम्ही मध्ये बोलू नका.”

त्याने तरी काय वेगळं केलं होतं? तो ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होता. “बाबा काय करतात? विमान करतात,” हे आम्ही तिला पोपटासारखं पढवलं होतं. तिला दिसणारा बाबा मात्र रविवारी जमिनीवर फतकल मारून बिघडलेला मिक्सर उघडणारा. त्यामुळे स्क्रू मोकळे पडलेली कुठलीही वस्तू म्हणजे विमान. इस्त्री उघडली की विमान, पंखा उतरवला की विमान. खरं विमान घरावरून गडगडत गेलं की ती वर बघायची आणि म्हणायची, “आवाज.” आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, तेव्हा घाटावर नेऊन मी तिला गंगा दाखवली, तर घरी येऊन बादली गंगा, डबकं गंगा आणि वरणातलं वरचं पाणीही गंगा.

हे सगळं मी लाडाने सांगत सुटायचे. पण तिच्या एका शब्दाने आमच्या घरात चांगलंच रामायण घडवलं. तो शब्द म्हणजे ‘मावशी’.

म्हसरूळला आमचं छोटंसं रो-हाऊस होतं. पुढे एक दार, मागे एक दार. मागच्या दाराबाहेर धुण्याभांड्याची जागा, तिथे शहाबादी फरशी, एक नळ आणि पेरूचं झाड. नवरा पहाटे कंपनीच्या बसने जायचा, मला दहाला ऑफिस. दिवसभर लेकीला सांभाळायला आणि घरकामाला एक बाई यायच्या. मूळच्या दिंडोरीकडच्या, राहायला म्हसरूळ गावातच. घरोघरी कामाला येणाऱ्या बाईंना आपल्याकडे मावशी म्हणतात, तशी मीही त्यांना मावशी म्हणायचे, आणि लेकही मावशी म्हणायला लागली.

त्यांचं येणं ठरलेलं असायचं. मागच्या दाराची कडी वाजायची, चपला फरशीच्या कडेला निघायच्या, पदर कमरेला खोचला जायचा आणि आवाज यायचा, “उठली का गं माझी बाय?” लेक हातातलं असेल ते टाकून पळायची. त्यांच्या कडेवर बसून ती केळं खायची, त्यांच्या मांडीवर झोपायची आणि त्यांचंच बोलायची. ‘नाही’ हा शब्द आमच्या घरात दोन शहाणी माणसं दिवसभर बोलत होती, पण लेक म्हणायची ‘नाय’. मी ऑफिसला निघताना ती कधी रडली नाही. उलट खुंटीखालच्या स्टुलावरची माझी पर्स दोन्ही हातांनी ओढत आणायची आणि म्हणायची, “आई, जा.” शेजारणींची मुलं आई निघाली की गाव गोळा करायची, म्हणून मी या गोष्टीचा फार ताठा मिरवायचे.

आता माझ्या ताईबद्दल. माझी थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेत, बदली जबलपूरला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. डॉक्टर झाले, उपासतापास झाले. ताई मोठी हसरी, त्याबद्दल कधी रडगाणं गायली नाही. मला दिवस गेल्याचं तिला कळवलं तेव्हा तिचा ट्रंक कॉल आला. ओरडून ओरडून बोलत होती, कारण लाइन खराब. शेवटी एकदम आवाज खाली आणून म्हणाली, “मला आई कोण म्हणेल न म्हणेल, माहीत नाही. मावशी तरी पोटभर म्हणून घेऊ दे.”  मी नुसतं “हो गं, हो गं” म्हणत राहिले.

बारशाला तिला येता आलं नाही, सासूबाई आजारी होत्या. मग पहिल्या वाढदिवसालाही नाही. प्रत्येक पत्रात एकच टुमणं, “माझा फोटो दाखवत जा. मावशी म्हणायला शिकव.” मी इमानेइतबारे फोटो दाखवायचे. लेक फोटो हातात घ्यायची, उलटसुलट करायची आणि म्हणायची, “कागद.” मध्यंतरी मी पत्रात लिहिलं की आता ती स्पष्ट मावशी म्हणते. ते खरंच होतं. ताईने ते आपल्या नावावर जमा करून घेतलं आणि मेमध्ये आठ-दहा दिवसांसाठी यायचं पक्कं केलं.

ती आली ती पुढच्या दाराने, बेल वाजवून, रिक्षावाल्याच्या हातात दोन बॅगा देऊन. घरात पाऊल टाकायच्या आधी उंबऱ्यातच गुडघ्यावर बसली आणि हात पसरले. “ओळख बघू! मी कोण?”

लेक माझ्या साडीच्या निऱ्यांमागून बघत होती. मी म्हटलं, “सांग ना बाळा, कोण आली? मावशी!”

लेकीने ताईकडे पाहिलं, मग मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा ताईकडे पाहिलं. “नाय,” ती म्हणाली.

ताई हसली, पण तिचे पसरलेले हात कुठे ठेवावेत हे तिला काही क्षण सुचेना.

मग सुरू झालं लाच देणं. बॅगेतून झालरीचे फ्रॉक निघाले, डोळे मिटणारी बाहुली निघाली, जबलपूरची खोव्याची जिलबी निघाली. लेकीने सगळं उदार मनाने स्वीकारलं. जिलबी खाऊन झाल्यावर ताईने तिला मांडीवर घेतलं. “अब बोल, मी कोण?” जबलपूरला राहून ताईच्या बोलण्यात हिंदी घुसायचं. लेकीने तिच्या चिकट बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, “खाऊ.”

तेच नाव पडलं. दोन दिवस घरभर “खाऊ, ये” आणि “खाऊ, बस” चाललं होतं. नवऱ्याला हसू आवरेना. ताईही हसायची. मग संध्याकाळी कोथिंबीर निवडताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “एवढा प्रवास करून आले आणि खाऊ झाले बघ.” मला पोरीचा असा राग आला! दोन वर्षांच्या मुलीवर रागावून काय करणार, म्हणून मी कोथिंबिरीवर काढला. चांगल्या काड्याही तोडून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी ताई हट्टाला पेटली. लेकीला समोर उभं केलं, आपल्या छातीवर हात ठेवला आणि सावकाश, जोर देऊन म्हणाली, “मा-व-शी. मी मावशी.” लेकीने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून. मग तुरुतुरु मोरीकडे गेली, खरकटं पातेलं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि ताईच्या नव्याकोऱ्या साडीपुढे ठेवून उभी राहिली. मावशी आहेस ना? मग घे.

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मावशी, म्हणजे आमच्या कामाच्या मावशी, मागच्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. ताईने पातेल्याकडे पाहिलं आणि तीही खो खो हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते नुसत्या हसण्याने भरले नव्हते.

त्यावर मी एक शक्कल काढली. मावशींना म्हटलं, “ताई आहे तोवर आम्ही तुम्हाला काकू म्हणतो. चालेल ना? म्हणजे तिला मावशी शब्द मोकळा होईल.” मावशी पोळपाट घासत होत्या. म्हणाल्या, “मला काकू म्हना नायतर आत्या म्हना, मी तीच हाय. पोरीला पटलं पायजे.” बोलल्या हसत, पण पोळपाट नेहमीपेक्षा जोरात घासला गेला. बाईंना त्या शब्दाचा अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

दिवसभर आम्ही मोठी माणसं नाटक करत होतो. “काकू, हे घ्या.” “काकू, चहा झाला का?” त्या दिवशी मावशींच्या हातात बराच वेळ ताईने आणलेला लाल थर्मास होता. त्याच्या झाकणाचा कप कसा फिरवायचा ते त्या बघत होत्या. लेक हे सगळं ऐकत होती. मावशींना नाव होतं. मला होतं, बाबाला होतं, ताईलाही होतं, मग ते खाऊ का असेना. त्या सगळ्यात बिननावाचं होतं कोण? तो लाल थर्मास. संध्याकाळी लेक त्याला मिठी मारून बसली आणि आम्हाला सांगायला लागली, “माझी काकू.” तो थर्मास आमच्याकडे पुढे पुष्कळ वर्षं होता आणि शेवटपर्यंत काकूच राहिला. “काकूत चहा भर” हे वाक्य आमच्याकडे पाहुण्यांसमोरही सर्रास बोललं जायचं.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट चालली होती आणि तिचा अर्थ मला लागत नव्हता. ताईसाठी मी रजा घेतली होती. पण सकाळी मावशी आल्या की लेक माझी पर्स आणायची. “आई, जा.” मी म्हणायचे, “आज नाही जायचं, राणी,” आणि पर्स जागेवर ठेवायचे. थोड्या वेळाने ती पुन्हा हजर. पर्स माझ्या मांडीवर आदळायची, मावशींकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि भोकाड पसरायची. मला वाटलं, हिला बाहेर फिरायला जायचं असेल. ताई मात्र कोपऱ्यात बसून तिच्याकडे एकटक बघत होती. ताई लहानपणापासून तशीच. विणकामाचा नवा नमुना कुणाला विचारायची नाही. शेजारच्या बाईच्या सुयांकडे बघत बसायची आणि घरी येऊन विणायची.

मग मावशींच्या माहेरी भाचीचं लग्न निघालं. मेमध्ये कुणाचं ना कुणाचं निघतंच. त्या दोन दिवस दिंडोरीकडे जाणार होत्या, आणि नेमकी माझी रजाही संपत होती. म्हणजे दोन दिवस लेक ताईकडे. ताई “मी बघेन” म्हणाली खरी, पण तोंड एवढंसं झालं होतं. पोर दिवसभर रडली तर ती काय करणार होती? आणि जाताना काय घेऊन जाणार होती, तर खाऊ हे नाव. मावशींनी निघताना लेकीचे गाल कुस्करले. ताईला म्हणाल्या, “लय गुनी हाय. केळं मोडून नका देऊ, आख्खं लागतं.” ताईने मान डोलावली.

सकाळी मी उठले तर ताईचं अंथरूण नीट घडी घालून ठेवलेलं आणि ताई घरात नाही. पुढचं दार नुसतं लोटलेलं.  काही बोललं गेलं का कुणाकडून? रागावून गेली का? लेक जागी होऊन माझ्या पायात घुटमळत होती. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

मी दार उघडलं. बाहेर ताई उभी. घराला वळसा घालून आलेली. उंच टाचांच्या सँडल तिने फरशीच्या कडेला, मावशींच्या चपलांच्या जागी काढून ठेवल्या होत्या. इस्त्रीच्या वॉयलच्या साडीचा पदर घट्ट कमरेला खोचला होता. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. आत पाऊल टाकलं आणि मावशींच्या चालीत, जबलपूरच्या सुरात म्हणाली, “उठली का गं माझी बाय?”

लेक जागच्या जागी थांबली. सँडलकडे पाहिलं. खोचलेल्या पदराकडे पाहिलं. मग वर ताईच्या तोंडाकडे. ताई हलत नव्हती, मीही नाही. नळाचं पाणी तेवढं ठिबकत होतं. लेकीने कपाळाला ती आठी घातली, पाठ फिरवली आणि आत निघून गेली.

ताईचा चेहरा उतरला. कमरेचा पदर सोडायला तिने हात नेला.

आणि आतून काहीतरी फरफटत आल्याचा आवाज आला. लेक माझी पर्स दोन्ही हातांनी ओढत आणत होती. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, पर्स माझ्या गुडघ्यावर दाबली आणि म्हणाली, “आई, जा.” मग वळली, ताईकडे दोन्ही हात वर केले. “मावशी, वल.”

तिला ‘वर’ म्हणायचं होतं. ताईने तिला उचललं. उचललं कसलं, उरापोटाशी धरलं आणि तशीच ओल्या फरशीवर खाली बसली. इस्त्रीच्या साडीचं पोतेरं झालं. ती हसत होती, रडत होती, आणि पोरीला म्हणत होती, “फिर से बोल. पुन्हा म्हण.” पोर म्हणाली, “मावशी, केळं.” ताईने आख्खं केळं दिलं.

मला तेव्हा कुठे उलगडा झाला. मावशी म्हणजे कुणी एक बाई असं लेक समजतच नव्हती. मागच्या दाराने येते, चपला काढते, पदर खोचते, हाक मारते आणि ती आली की आई जाते, हे सगळं मिळून मावशी. मी रजेवर घरात बसले आणि तिचा अख्खा शब्द मोडून ठेवला. खऱ्या मावशी आल्या तरी आई जागची हलत नाही, मग पोर भोकाड पसरणार नाही तर काय? आणि ताई तर मुळात कधी आलीच नव्हती. ती घरातच होती, सोफ्यावर, जिलबी घेऊन.

हे सगळं शहाणपण मला सुचत होतं ते पुढच्या अंगणातल्या पायरीवर बसून. कारण लेकीने “आई, जा” म्हटल्यावर मी काही क्षण तिथेच उभी होते, तर तिने पुन्हा माझी पर्स ढकलली आणि तिचा ओठ थरथरायला लागला. ताईने डोळ्यांनीच मला विनवलं, जा ना गं. मी गेले. गाउनवर, केस सुटलेले, दात न घासलेली, हातात पर्स. ऑफिसला अजून पुष्कळ अवकाश होता. समोरच्या वहिनी रांगोळी काढत होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “काय हो, सगळं ठीक ना?” मी म्हटलं, “काही नाही, उगाच बसलेय वाऱ्याला.” आतून लेकीचं खिदळणं ऐकू येत होतं. मला फार आनंद झाला होता आणि थोडं लागलंही होतं. मावशी या शब्दात माझं काम एवढंच की मी निघून जायचं. हा शब्द मी कसल्याही कापडावर उतरवला असता तरी मला ती रेघ दिसली नसती.

लग्नाची बुंदी घेऊन मावशी परत आल्या, तेव्हा ताई मागच्या फरशीवर लेकीला आंघोळ घालत होती, पदर खोचलेला. मावशींनी ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आता माझं काय काम ऱ्हायलं हितं?” लेक साबणाच्या फेसासकट उठली, “मावशी!” ओरडली. “ओ,” दोघी एकदम म्हणाल्या. मग एकमेकींकडे बघून अशा हसल्या की लेकीलाही वाटलं आपण काहीतरी फार मोठं बोललो, आणि तिने दिवसभर तेच चालवलं. मधेच उगाच हाक मारायची, दोन ‘ओ’ ऐकायचे, टाळ्या पिटायच्या.

ताई निघाली तेव्हा आम्ही नाशिकरोडला पोचवायला गेलो. ताई खिडकीतून हात बाहेर काढून रडत होती. लेक माझ्या कडेवर निवांत, चणे खात होती. मला वाटलं, काय ही पोर, जराही माया नाही. गाडी हलली तशी तिने हात हलवला आणि म्हणाली, “मावशी, ये.” दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराची कडी वाजली, मावशी आत आल्या, आणि ही त्यांच्या पदराला धरून दारातच उभी. त्यांच्या मागे वाकून बघायला लागली. मावशी म्हणाल्या, “दुसरी गेली गं बाय लांब.” लेक म्हणाली, “नाय. यील.” मावशी संध्याकाळी जायची आणि सकाळी यायची, हे तिने रोज बघितलेलं होतं. स्टेशनवर ती रडली नव्हती ती यामुळे. मी त्या दिवशी एसटीडी बूथवरून ताईला हे सगळं सांगितलं. ताईने मला ते ‘यील’ पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, “यील म्हणाली? मग यायलाच लागेल.”

आणि आली. जवळजवळ दर मेमध्ये आली. पुढच्या दाराची बेल तिने पुन्हा कधी वाजवली नाही. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडायची आणि बॅगा घेऊन वळसा घालून यायची.

लेक चौथीत असताना मावशींनी काम सोडलं आणि त्या लेकाकडे दिंडोरीला गेल्या. हंगामात द्राक्षांची पेटी घेऊन यायच्या, त्याही मागच्याच दाराने. मग दोन हजारनंतर आम्ही रो-हाऊस विकून गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट होती, गॅलरीतून डोंगर दिसायचे, सगळं झकास. फक्त मागचं दार नव्हतं.

त्या घरात ताई पहिल्यांदा आली तेव्हा लेक अकरावीत होती, आमच्या दोघींपेक्षा उंच. बेल वाजली, तिने दार उघडलं. ताई बाहेर उभी, केस पांढरे, अंगात पंजाबी ड्रेस, हातात बॅगा. आत यायचं सोडून इकडे तिकडे बघत होती. “अगं, मागून कुठून यायचं?”

“नाहीये मागचं दार,” लेक म्हणाली. “थांब, आत नको येऊस. आधी चपला काढ. आणि ओढणी खोच.”

ताईने बॅगा खाली ठेवल्या. चपला भिंतीच्या कडेला काढल्या, ओढणी आडवी घेऊन कमरेला करकचून बांधली आणि घसा खाकरला. “उठली का गं माझी बाय?”

लेक वळून आत गेली. तिला त्या दिवसांतलं काहीएक आठवत नाही, दोन वर्षांची तर होती. आमच्याकडून ऐकून ऐकून तेवढं पाठ. ती माझी पर्स घेऊन आली. एका बोटावर लटकवता आली असती, पण दोन्ही हातांनी धरून, फरफटवत आणली, आणि माझ्यापुढे केली.

“आई, जा.”

मी कणीक भिजवून कुकर लावत होते. गॅस बंद केला, पर्स घेतली आणि लिफ्टने खाली आले. मागे दार लागायच्या आत दोघींचं हसणं सुरू झालं होतं. खाली वॉचमनच्या खोलीशेजारी बाक आहे, त्यावर बसले. हाताला पीठ लागलेलं, पायात घरातल्या स्लिपर. वॉचमन म्हणाला, “काय मॅडम, बाहेर निघालात का?”

“हो,” मी म्हटलं. “मावशी आलीये.”